‘रागावर नियंत्रण ठेवावे’ एवढं लिहून लेकरू शिकत नाही

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे;
तसेच मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. नोकरीला 19 वर्षं झाली, त्यातली बहुतेक तिसरी-चौथीच्या वर्गावर गेली. हे पत्र मी एका नोंदीमुळे लिहिते आहे.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘सुधारणा आवश्यक’ असा रकाना असतो, तो आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलाच्या नावापुढे त्या रकान्यात मी लिहिलं, ‘रागावर नियंत्रण ठेवावे’. लिहून झाल्यावर सहज म्हणून कपाटातून त्याच्या मागच्या वर्षांच्या नोंदी काढल्या. तिसरीला तेच वाक्य, दुसरीला तेच, पहिलीला ‘लवकर चिडतो, मारामारी करतो’. अक्षर वेगवेगळं, मजकूर एकच. आम्ही चार वर्षं त्या लेकराला सांगत होतो की तुझ्यात अमुक एक कमी आहे, आणि ती कशी भरून काढायची हे एकानंही शिकवलं नव्हतं. वाचन कच्चं असतं तर अक्षरगट घेतले असते, मुळाक्षरांची कार्डं केली असती, जादा तास घेतला असता. भागाकार येत नसता तर काड्यांचे गठ्ठे मांडून बसले असते. रागासाठी काय घेतलं? काहीच नाही. ते त्याला आपोआप यायला हवं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

ती नोंद लिहिली त्याच आठवड्यातली गोष्ट सांगते. एप्रिल होता. साखर कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपायला लागला होता, ऊसतोडीला गेलेली माणसं टोळीटोळीनं गावात परतत होती. दुपारी खिचडीच्या रांगेत त्या मुलानं पुढच्या पोराच्या कपाळावर स्टीलची ताटली मारली. भुवईच्या वर चीर पडली, रक्त डोळ्यात उतरलं. मी धावत गेले, एका हातानं जखमेवर पदर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं याच्या कानशिलात लगावली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, हे मला पाठ आहे. तरी मारलं. ‘रागावर नियंत्रण ठेवावे’ हे ज्या हातानं लिहिलं, त्याच हातानं मारलं. वर्गातली 20-22 लेकरं ते बघत होती. राग आल्यावर मोठी माणसं काय करतात, याचा पाठ मी त्यांना त्या दिवशी शिकवला.

तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी मी त्याला पायरीवर शेजारी बसवलं. आधी मारल्याबद्दल माझं चुकलं असं म्हणाले, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘का मारलंस’ विचारलं तर उत्तर नाही. हा प्रश्न त्याला पहिलीपासून सगळ्यांनी विचारलेला. मग मी जरा वेगळं विचारलं, ‘ताटली मारायच्या आधी तुझ्या अंगात कुठं काय झालं?’

त्यानं बराच वेळ विचार केला. मग पोटावर हात ठेवला. ‘हितून गरम वर आलं. मग कानात बसलं. मग काय दिसलंच न्हाई.’

‘आणि ते गरम कशानं आलं?’

‘त्यानं मह्या मायचं नाव घेतलं. म्हणला, समद्यांची माय आली, तुही येतच न्हाई आता.’

त्याच्या आईबापाची टोळी कर्नाटकाच्या बाजूला होती, तिचा पट्टा अजून पडला नव्हता. पुढं त्याच्या आजीनं सांगितलं, थंडीभर आईचा फोन आला की हा घरामागं जाऊन बसायचा. एकदाही बोलला नाही.

हा राग नव्हता. आपल्या भाषेत याला राग म्हणत नाहीत, रुसवा म्हणतात. ज्याच्यावर माया आहे त्याच्यावरच माणूस रुसतं, आणि आतून वाट बघत राहतं की कुणीतरी समजूत काढील. रागाला आवर घालता येतो. रुसव्याला आवर घालून काय करायचं? त्याची समजूतच काढावी लागते. चार शिक्षकांनी चार वर्षं त्या पोराच्या दुखण्याचं नावच चुकीचं लिहिलं होतं, म्हणून औषधही चुकीचं होत होतं.

मला आपल्यासमोर जे मांडायचं आहे त्याचं मूळ इथं आहे. भावना ओळखणं हा आधी भाषेचा विषय आहे, संयम त्याच्या नंतर येतो. या विषयावरची जी तक्ते-कार्डं शाळांवर येतात त्यांत पिवळे गोल चेहरे असतात आणि खाली चार शब्द: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. त्यानंतर मी माझ्या वर्गाला विचारलं, घरी माणसं चिडली की काय काय म्हणतात? एका तासात फळा भरला. डोकं सणकलं. तळपायाची आग मस्तकात गेली. माथा भडकला. फुगून बसली. घुश्शात हाय. धुसफूस चाललीय. जळफळाट झाला. कावली. मग भीतीचे शब्द आले: काळजात धस्स झालं, पोटात गोळा आला, हातपाय गळाले, भेदरला, धास्ती घेतली. मग कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, माही आजी म्हणती जीव खालवर होतंय.’ मग हिरमुसला, ओशाळला, कानकोंडा झाला, कसनुसं झालं, हुरहूर लागली, गलबलून आलं.

या शब्दांकडे नीट बघा. तळपाय, मस्तक, काळीज, पोट, हातपाय. भावना अंगात कुठं उठते आणि कुठून कुठं जाते हे आपल्या आज्यापणज्यांनी शब्दांतच नोंदवून ठेवलं आहे. ‘तळपायाची आग मस्तकात’ हे तर नुसतं नाव नाही, राग चढायची वाटच आहे. ती वाट ज्या लेकराला माहीत आहे, त्याला राग गुडघ्यापर्यंत आला असतानाच तो कळू शकतो, मस्तकात पोचायच्या आधी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दानं नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग कामाला लागतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे नाव देणं हीच आवर घालण्याची पहिली पायरी. आमच्या लेकरांकडे नावांचा हा एवढा साठा आहे आणि आपण त्यांना चार शब्दांचं कार्ड देतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी. साहित्य करायचं असेल तर ते बाहेरून आणून भाषांतरित करू नका. अंबाजोगाईला आपली जिल्हा संस्था आहे, तशी प्रत्येक जिल्ह्याला आहे. शिक्षकांकडून त्या त्या भागातले शब्द, म्हणी, आजीच्या तोंडची वाक्यं गोळा करा. नांदेड-देगलूरकडच्या लेकराच्या बोलीत तेलुगू-कन्नडचा वास असेल, संभाजीनगर-परभणीच्या वस्त्यांत दखनी उर्दू असेल, तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलेल. बंजारा लेकराला रुसव्याचा शब्द त्याच्या मायच्या भाषेतच सुचणार. तो त्यानं वर्गात उच्चारला तर ती चूक धरू नये.

आता मी वर्गात काय करते ते सांगते, कारण ‘शक्य नाही’ असं म्हणणारे भेटतात. आमच्या शाळेच्या आवारात कडुलिंबाचं झाड आहे आणि त्याच्याखाली पाण्याचा रांजण. वर्गानं मिळून एक नियम केला: ज्याचं डोकं तापायला लागलं त्यानं हात वर करायचा, बाहेर जायचं, पाणी प्यायचं, लिंबाला हात लावून परत यायचं. कुणी का म्हणून विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात सगळा वर्गच बाहेर जायला लागला, गणिताच्या तासाला तर रांगच. मी दम धरला. तिसऱ्या आठवड्यात नवलाई संपली आणि खरंच गरज असलेलेच उठायला लागले. त्या मुलानं पहिल्यांदा हात वर केला तेव्हा त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते. लिंबापर्यंत गेला, खोडावर कपाळ टेकवून उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. किती वेळ लागला ते मोजलं नाही. परत आला, पाटी घेतली, बेरीज पुढं करायला लागला. ज्याच्यावर चिडला होता त्याला काही कळलंही नाही.

मोठं यश म्हणून मी हे सांगत नाही. त्यानंतरही त्यानं दोनदा मारामारी केली. पण दोन्ही वेळा नंतर येऊन सांगितलं, ‘मॅडम, कळलं हुतं, पण जायच्या आत झालं.’ ‘कळलं हुतं’ हे दोन शब्द चार वर्षांच्या नोंदींत कुठंच नव्हते.

खेळाचंही तसंच आहे. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आपण सगळे खेळलो. ‘शिवाजी म्हणतो बसा’ म्हटलं तर बसायचं, नुसतं ‘बसा’ म्हटलं तर नाही. अंग उठायला निघालेलं असताना त्याला थांबवायचं, एवढाच तो खेळ, आणि लहान मुलांचा आत्मसंयम मोजायला जगभर वापरतात त्या खेळवजा चाचण्या अशाच असतात. खो-खो तर आपल्या मातीतला. आठ जण आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसतात, समोरून पळणारा गडी हाताच्या अंतरावर असतो, अंग सळसळत असतं, तरी पाठीवर ‘खो’ पडल्याशिवाय उठायचं नाही. उठलास तर फाउल. दिशा धरलीस तर मागं वळायचं नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या पोरींनी वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. संयम म्हणजे गप्प बसणं नव्हे, नेमक्या क्षणी उठण्यासाठी तयार बसणं, हे मी मुलींना खो-खोच्या चौकोनात बसवून जेवढं सांगू शकते तेवढं परिपाठाच्या सुविचारातून सांगू शकत नाही. पण कार्यानुभव आणि खेळाच्या तासावर पहिली कात्री चाचण्यांच्या दिवसांत लागते.

आपण काहीच केलेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. डी.एड.ला आम्ही दहा गाभाघटक आणि दहा जीवनकौशल्यं पाठ केली, त्यांत ‘भावनांचे समायोजन’ आणि ‘ताणतणावांचे समायोजन’ होतंच. 2009 साली समाजसेवक शांतिलाल मुथ्था यांच्या संस्थेनं आमच्याच बीड जिल्ह्यातल्या 500 जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं, पुढं राज्यानं ते उचललं. मुलांनी जोडीत बसून, गटात बसून बोलायचं, शिक्षकानं कमी बोलायचं, ही सवय मला त्यातूनच लागली. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथली सुमारे 1200 लेकरं शिक्षणासाठी पुण्याला नेणारी माणसं तीच, म्हणून मराठवाड्याच्या लेकराच्या मनाचा विचार त्यांना नवा नव्हता. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 पासून नर्सरी ते आठवी रोज आनंदाचा तास सुरू झाला, त्याला परीक्षा ठेवली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. आणि 2024 पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे.

शनिवार चांगला आहे, तो काढू नका. पण मुलाचं डोकं तापतं ते मंगळवारी दुपारी, खिचडीच्या रांगेत. त्या वेळी शिक्षकाच्या हाती काय आहे? त्या तासाला पाठ थांबवून भांडणावर बसायची मुभा त्याला आहे का? मी अशी बसले होते तेव्हा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, आज कोणता घटक चालू आहे. मी म्हणाले, भांडण. त्यांनी शेरा लिहिला, ‘नियोजनानुसार अध्यापन नाही’. तो शेरा अजून मला बोचतो. मला मुभा हवी आहे, लेखी. वर्गात भांडण झालं, कुणी हमसून रडलं, गावात काही अघटित घडलं, तर त्या दिवशी शिक्षकानं 20-25 मिनिटं त्यावर घालवणं हे अध्यापनच आहे, असं नियोजनाच्या सूचनांतच यावं.

आणि कृपा करून याची माहिती-फोटो भरायची लिंक पाठवू नका. मुलं गोल करून बसली आणि मी फोन काढला की ती बोलायची थांबतात. वडिलांच्या दारूबद्दल सांगणारी पोर फोटोसाठी पुन्हा सांगत नाही. याला गुण नकोत, श्रेणी नको, स्पर्धा तर नकोच. ‘रागावर नियंत्रण ठेवावे’ ही नोंदही थांबवा. जे शिकवलं नाही त्याची उणीव लेकराच्या नावावर लिहिण्याचा हक्क आम्हाला नाही.

दुसरी एक भीती आहे ती स्पष्ट लिहिते. हे सगळं शेवटी ‘डोळे मिटा, शांत बसा’ यावर येऊन थांबेल. शांत बसण्याला माझा विरोध नाही, आमची लेकरंही परिपाठात दोन मिनिटं डोळे मिटतात. पण ब्रिटनमध्ये 80 हून अधिक माध्यमिक शाळांतल्या 8000 वर मुलांवर प्रयोग झाला: काही शाळांत सजगतेचे (माइंडफुलनेसचे) पाठ दिले, बाकीच्यांत नेहमीचंच शिकवलं. 2022 साली निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत मुलांच्या मनःस्वास्थ्यात सरासरी काही फरक पडला नाही, बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही. याउलट 2011 साली जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी 213 शालेय कार्यक्रमांचा, 2,70,000 विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला. क्रमाक्रमानं कौशल्य शिकवणाऱ्या, मुलांना करायला लावणाऱ्या कार्यक्रमांचा उपयोग झाला, वर्गशिक्षकांनी घेतलेल्यांचाही झाला, आणि अभ्यासातल्या कामगिरीत सुमारे 11 पर्सेंटाइलची वाढ दिसली, म्हणजे शंभरांत मधोमध असलेलं मूल आणखी अकरा जणांच्या पुढं जाईल एवढी. ‘यात वेळ गेला तर निपुणचं, म्हणजे वाचन-गणिताच्या अभियानाचं काय’ या प्रश्नाचं माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

संयमाबद्दल बोलताना तो मिठाईचा प्रयोग सगळे सांगतात, प्रशिक्षणातही हमखास येतो. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी केलेला: लेकरासमोर एक मार्शमेलो ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील. जी थांबली ती पुढं यशस्वी झाली, असं सांगून आम्हाला घरी पाठवतात. पुढचं कुणी सांगत नाही. 2018 साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी जास्त मुलं घेऊन, घरची परिस्थिती हिशेबात धरून बघितलं, तर तो संबंध बराच फिका पडला. आणि त्याआधी 2013 साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी एक साधी गोष्ट केली. काही मुलांना आधी चांगल्या खडूंचं आश्वासन देऊन ते पाळलं, काहींना आश्वासन देऊन रिकाम्या हातानं परत आले. मग मिठाई ठेवली. ज्यांच्याशी शब्द पाळला ती सरासरी 12 मिनिटं थांबली, ज्यांच्याशी मोडला ती तीनच.

हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर माझा वर्ग उभा राहिला. पटावर 27, दिवाळीनंतर 15. ‘लवकर येतो रे’ म्हणून गेलेले आईबाप पट्टा पडेपर्यंत येत नाहीत. टोळी नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल फिटेपर्यंत त्यांचं येणं त्यांच्या हातात नसतं. पाऊस येईल म्हणून पेरलं तर येत नाही, काढणीला आलं तर 2025 च्या सप्टेंबरासारखा येतो आणि मातीसकट वाहून नेतो. ज्या लेकरानं हे बघितलं आहे ते समोरची गोष्ट आत्ताच हिसकावून घेतं, कारण उद्याचा भरवसा त्याला कुणी दिलेला नाही. त्याच्यात संयमाचा गुण कमी आहे असं म्हणता येत नाही. आणि त्यात मी काय भर घालते? शनिवारी गोष्ट सांगते म्हणून शब्द दिलेला असतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी मतदार यादीचं नाहीतर सर्वेक्षणाचं काम येतं. सोमवारी एक पोरगी म्हणाली, ‘मॅडम, तुमी बी?’ शिक्षकाला वर्गातून उठवणं थांबवा, ही मागणी संघटना नेहमी करतात, कामाच्या बोज्याच्या अंगानं. मी ती लेकराच्या भरवशाच्या अंगानं करते आहे. आमच्या शाळेत तरी शब्द पाळणारं एक माणूस त्याला मिळू द्या, संयम तिथून सुरू होईल.

एक गोष्ट राहून जाऊ नये. पैठण आमच्या मराठवाड्याचं. आंघोळ करून आलेल्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा गोदावरीत जाऊन आंघोळ करून आले, ही कथा मीही दरवर्षी नाथषष्ठीच्या सुमारास सांगते. यंदा एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, नाथाला राग आलाच नव्हता का आला हुता पण दाबला?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसरी लगेच म्हणाली, ‘मग आपल्यावर कुणी थुकलं तर आपण बी आंघोळच करायची का?’ ही मुलगी ज्या वस्तीतून येते तिथं या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. संयमाच्या नावाखाली आपण तिला सोसायला शिकवणार असू, तर मी या कामात नाही. सातवी-आठवीत लग्न ठरवलं जाणारी पोर आमच्या पट्ट्यात अजून आहे. तिला ‘नाही’ म्हणता यावं, आवाज न कापता म्हणता यावं, 1098 ला फोन लावता यावा, यासाठीही तिला स्वतःची भीती ओळखता यायला हवी. राग वाईट नाही हे लेकरांना सांगायलाच हवं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा या भागातल्या माणसांनी 16 वर्षं चालवला, तो रागाशिवाय चालला नसता. राग कुठं लावायचा, एवढंच आपण शिकवायचं.

मुलग्यांचंही बघा. ‘रडतोस काय बायकांवानी’ हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलेलं आहे. रडायची वाट बंद केली की दुःखाला बाहेर पडायला हातच उरतो. बाप गेलेला एक पोरगा माझ्या वर्गात होता, कर्जापायी गेलेला. तो वर्षभर कुणाला ना कुणाला मारत राहिला. त्याच्याशी काय बोलावं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारायला माणूसही नव्हतं, तालुक्याला नव्हतं, जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर एक दिवसाची रजा. आता टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे, आम्ही तो व्हरांड्यात रंगवून घेतला आहे. पण फोनवरचा माणूस वेगळा आणि महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांच्या केंद्रावर येऊन बसणारा समुपदेशक वेगळा. ऊसतोडीच्या पट्ट्यात तरी प्रत्येक केंद्राला असं एक माणूस द्या. वर्षातून दोन वेळा त्याची खरी गरज आहे: दिवाळीनंतरचे 15 दिवस, जेव्हा घरं रिकामी होतात, आणि मार्च-एप्रिल, जेव्हा काहींचे आईबाप येतात आणि काहींचे येत नाहीत. हंगामी वसतिगृहाच्या अनुदानात जेवणाचा हिशेब असतो, निजायच्या वेळी लेकराशी बोलणाऱ्या माणसाचाही असावा.

आणि आम्हाला शिकवा, आधी आम्हाला. एका प्रशिक्षणात दोन दिवसांत पडद्यावर 80 सरकपट्ट्या दाखवून झाल्या, शेवटी उपस्थितीची सही घेतली. तिथं कुणी विचारलं नाही की, तुम्ही स्वतः वर्गात चिडलात तेव्हा काय करता. मला तेवढंच बोलायचं होतं. त्या कानशिलात लगावलेल्या हाताबद्दल बोलायचं होतं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास द्या, अधिकाऱ्यांशिवाय, अहवालाशिवाय, जिथं आठ-दहा शिक्षक बसून या महिन्यात माझा तोल कुठं गेला हे सांगू शकतील. आमच्या केंद्रातल्या पाच जणींनी हे शाळा सुटल्यावर सुरू केलं आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

तो मुलगा आता सहावीत आहे, शेजारच्या गावी चालत जातो. मागच्या थंडीत एका संध्याकाळी तो आजीचा फोन घेऊन माझ्या दाराशी आला. चार्जर मागायला आलाय असं वाटलं. म्हणाला, ‘मायचा फोन येणार हाय. आज बोलतो म्हणलोय. तुमी हितंच थांबा.’ फोन आला. तो बराच वेळ नुसता कानाला लावून उभा राहिला. मग म्हणाला, ‘म्या तुह्यावर रुसलो हुतो.’ पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं पाठ फिरवली आणि बोलत बोलत लिंबाकडे गेला.

यंदाही दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतील. त्याआधी एखाद्या मंगळवारी दुपारी, खिचडीच्या वेळी, आपल्यापैकी कुणीही आमच्या शाळेत यावं. आधी कळवायची गरज नाही. तासभर लेकरांत बसा, मग आपण बोलू. उत्तराची वाट बघते.

आपली,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका
बालाघाट डोंगरपट्टा, जि. बीड